गोल कुणाच्या खात्यावर?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी अजूनही वही पुजली जाते. आमचे दुकान नाही, पेढी नाही, कुणाचे देणे नाही आणि घेणे तर त्याहून नाही. पण मी पडलो जन्माचा हिशेबनीस. छत्तीस वर्षे एका खाजगी कंपनीत जमा-नावे लिहिण्यात घालवली. तेव्हापासून कोरी वही आणायची, पहिल्या पानावर 'श्री' काढायची, हळदकुंकू वाहायचे आणि वर्षभर तिच्यात दूधवाल्याचे नि इस्त्रीवाल्याचे आकडे मांडायचे, हा आमचा शिरस्ता. "एवढ्या पूजेला लक्ष्मी काही भुललेली दिसत नाही," असे आमच्या सौभाग्यवती दरसाल म्हणतात. त्यांचे म्हणणे खोडून काढण्याजोगा पुरावा मजपाशी नाही.

यंदा मात्र वहीच्या पहिल्या पानावर एक निराळीच नोंद करायचे मनात आहे. ती आहे एका गोलाची. फुटबॉलच्या गोलाची. वाचकहो, दचकू नका! दिवाळीचा फराळ पुढ्यात असताना फुटबॉल कुठून काढला, असे तुम्ही म्हणाल. सदर लिहिणाऱ्याला संपादक विषयाचे स्वातंत्र्य देतात आणि मग आठ दिवस झोपत नाहीत. त्या स्वातंत्र्याचा मी लाभ घेत आहे, इतकेच.

त्याचे असे झाले. आमचा नातू या दिवाळीनंतर शिकायला जर्मनीला जाणार आहे. घरात बॅगा, कागदपत्रे आणि मेतकुटाचे डबे यांचे राज्य आहे. एका रात्री तो मजजवळ बसून सांगत होता, "आजोबा, तिकडे गेलेली आमची मुले संध्याकाळी हॉटेलात काम करतात. मलाही बशा धुवाव्या लागतील." आजी आतून ओरडली, "इथे कधी स्वतःची कपबशी विसळली आहेस का?" तो हसला. मग म्हणाला, "बशा धुणाऱ्या एका माणसाने इंग्लंडला हरवले होते, ठाऊक आहे?" आणि त्याने मोबाईलवर एक जुने छायाचित्र माझ्यापुढे धरले.

सावळ्या वर्णाचा एक तरुण लोकांच्या खांद्यावर बसलेला. चेहऱ्यावर निर्मळ हसू. स्पर्धेत पहिला आलेला मुलगा जसा हसतो तसे ते नव्हते. जत्रेत हरवलेला आणि सापडलेला मुलगा जसा हसतो तसे ते होते. खाली माणसांची गर्दी. नाव : ज्यो गेटजेन्स. साल : १९५०.

"कुठल्या देशाचा हा?" मी विचारले.

"तीच तर गंमत आहे, आजोबा," नातू म्हणाला, "तुम्हीच हिशेब लावा."

मी गेले चार महिने तो हिशेब लावीत आहे.

ज्यो जन्मला १९ मार्च १९२४ रोजी, हैती देशाच्या राजधानीत, पोर्ट-ओ-प्रिन्स येथे. कॅरिबियन समुद्रातला हा लहानसा देश. तिथल्या गुलामांनी बंड करून फ्रेंच धन्यांना घालवले आणि १८०४ साली स्वतःचे राज्य स्थापले, एवढा त्याचा मोठा इतिहास. ज्योचे आडनाव मात्र जर्मन, कारण त्याचा एक पूर्वज ब्रेमेनहून व्यापारासाठी तिकडे येऊन राहिला होता. म्हणजे परदेशी जाऊन पोट भरणे त्याच्या घराण्यात मुरलेलेच होते. चौदाव्या वर्षी तो एत्वाल हैतीएन या क्लबात खेळू लागला. जागा सेंटर फॉरवर्डची. संघात दहाजण राबतात आणि नाव होते त्याचे. संघ हरला तर शिव्याही त्यालाच.

पण हैतीत त्या काळी फुटबॉलवर चूल पेटत नसे. तेव्हा घरच्यांनी ठरवले की मुलाने काहीतरी शाश्वत शिकावे. सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९४७ साली, तेविसाव्या वर्षी, ज्यो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. काय शिकायला, सांगू? हिशेब! हे वाचले तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो. आमच्या धंद्यातला माणूस निघाला की!

शिष्यवृत्तीत न्यूयॉर्क भागत नाही. ज्याला मुंबई भागवायची सवय आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. ब्रुकहॅटन नावाचा एक फुटबॉल संघ होता आणि त्याच्या मालकाचे एक हॉटेल होते. ज्यो त्या हॉटेलात बशा धुवू लागला आणि त्या संघातून खेळू लागला. दिवसा जमाखर्चाची पुस्तके, संध्याकाळी खरकट्या बशा आणि सुट्टीच्या दिवशी मैदान, असा त्याचा दिनक्रम होता.

त्या वेळची अमेरिकेची फुटबॉल लीग म्हणजे परदेशाहून आलेल्यांची धर्मशाळाच होती. संघांची नावेच पाहा : ब्रुकलिन हिस्पानो, न्यूयॉर्क हकोआ, केर्नी स्कॉट्स. कुणी स्पॅनिश बोलणाऱ्यांचा, कुणी यहुद्यांचा, कुणी स्कॉटलंडहून आलेल्या गिरणी कामगारांच्या वस्तीतला. अस्सल अमेरिकन माणूस बेसबॉल पाहायला जाई आणि हा खेळ पोटासाठी आलेल्यांचा म्हणून सोडून देई. अशा लीगमध्ये १९४९-५०च्या हंगामात ज्योने पंधरा सामन्यांत अठरा गोल केले. सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त. सामन्यामागे एकाहून अधिक गोल, आणि तेही आठवडाभर साबणाच्या पाण्यात हात बुडवून!

इथे मला माझ्याच ओळखीचा एक माणूस आठवला. त्याच्याकडे मागाहून येतो. आधी ज्योला ब्राझीलला पोचवू.

१९५० साली विश्वचषक स्पर्धा ब्राझीलमध्ये होती. खरे म्हणजे आपला भारतीय संघही तिथे जायचा होता. इटली, स्वीडन आणि पराग्वे यांच्या गटात आपले नावही पडले होते. आपण गेलो नाही. अनवाणी खेळू देईनात म्हणून गेलो नाही, ही गोष्ट चवीने सांगितली जाते; पण आपल्या फेडरेशनने तेव्हा संघनिवडीतले मतभेद आणि सरावाला न मिळालेला वेळ ही कारणे दिली होती, आणि विश्वचषकापेक्षा ऑलिंपिक मोठे, असाही तेव्हाचा समज होता. असो. रिकाम्या पाटावर कोण बसले असते याची चर्चा जेवण झाल्यावर करू नये.

अमेरिकेचा संघ मात्र गेला. आणि कसला संघ! फ्रँक बोर्गी हा गोलरक्षक काकाच्या अंत्यविधीच्या दुकानात शववाहिनी चालवणारा. वॉल्टर बार शाळामास्तर. हॅरी किओ टपालखात्यातला. त्यात सेंटर फॉरवर्ड हवा, तर लीगमध्ये सर्वांत जास्त गोल करणारा हा हैतीचा पोरगा. पण तो अमेरिकेचा नागरिक नव्हता! यावर त्यांच्या संघटनेचा नियम असा की, नागरिक होण्याचा इरादा जाहीर केला म्हणजे पुरे. तसे तिघे त्या संघात होते : एक स्कॉटलंडचा एड मॅक्इल्व्हेनी, एक बेल्जियमचा ज्यो मॅका, आणि आपला ज्यो. हिशेबनिसाच्या भाषेत सांगायचे तर, रक्कम अजून जमा झालेली नाही, पण येणार आहे असे धरून खाते उघडले. पुढे या प्रकाराची चौकशीही झाली आणि तिघेही पात्र ठरले.

अमेरिका पहिला सामना स्पेनशी ३-१ने हरली. दुसरा सामना २९ जून १९५० रोजी, बेलो होरिझोंते या गावी, इंग्लंडशी. इंग्लंड म्हणजे या खेळाचे माहेरघर. टॉम फिनी, स्टॅन मॉर्टेन्सन, बिली राइट, अल्फ रॅम्से, एकेक नाव म्हणजे एकेक किल्ला. स्टॅनली मॅथ्यूजला तर त्यांनी त्या दिवशी खेळवलेच नाही. विश्रांती द्यायची तर या सामन्यात द्यावी, असा हिशेब. हिशेब चुकतात ते असे.

सुरुवातीला इंग्लंडने गोलवर मारा केला, अगदी श्रावणातल्या सरींसारखा. चेंडू कधी खांबाला लागे, कधी बोर्गीच्या हाताला. मग पहिला अर्धा भाग संपायला सात-आठ मिनिटे उरली असताना मॅक्इल्व्हेनीने कडेवरून चेंडू हातांनी आत टाकला. बारमास्तरांनी तो पंचवीसेक यार्डांवरून गोलच्या दिशेने हाणला. इंग्लंडचा गोलरक्षक बर्ट विल्यम्स तो अडवायला निघाला होता. इतक्यात गर्दीतून ज्योने अंग झोकून दिले. डोके चेंडूला लागले, चेंडूने वाट बदलली, आणि विल्यम्स एकीकडे नि चेंडू दुसरीकडे. ज्यो तोंडावर पडला होता. चेंडू आत गेलेला त्याने पाहिला की नाही, देव जाणे.

दुसऱ्या भागात इंग्लंडने जिवाचे रान केले. एकदा मॉर्टेन्सन एकटाच सुटला होता, त्याला चार्ली कोलंबोने मागून लोळवले. पण गोल झाला नाही. अमेरिका १, इंग्लंड ०. मैदानावर दहा हजारांच्या आसपास माणसे होती. ती कठडे ओलांडून आत आली आणि त्यांनी ज्योला खांद्यावर घेतले. तेच ते छायाचित्र.

अमेरिकेत या विजयाचे ढोल वाजले नाहीत. सामन्याला हजर असलेला अमेरिकन वार्ताहर एकच, सेंट लुईसचा डेंट मॅक्सकिमिंग, आणि तोही स्वतःच्या रजेत, स्वखर्चाने आलेला. तिसरा सामना चिलीशी ५-२ने हरून संघ परतला, तो मुकाट आपापल्या शववाहिनीवर, शाळेत आणि टपालखात्यात रुजू झाला.

आता माझ्या ओळखीच्या माणसाकडे येतो.

१९७४ साली मी कंपनीत नवा होतो आणि आमच्या ऑफिसच्या स्पोर्ट्स क्लबचा कोषाध्यक्ष होतो. म्हणजे चेंडूंची, लिंबांची आणि बसभाड्याची बिले फाईलला लावायची. आमच्या फुटबॉल संघात एक गोव्याचा पोरगा होता. धोबीतलावाजवळच्या एका कुडीत राहायचा. मुंबईत गोव्याच्या गावागावांच्या अशा कुडी असत. एका मोठ्या खोलीत भिंतीशी एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या ट्रंका, एका कोपऱ्यात वेदी, संध्याकाळी सगळ्यांची प्रार्थना, आणि बोटीवरची नोकरी मिळेपर्यंत तिथेच मुक्काम. हा पोरगा सकाळी एका इराण्याकडे कपबशा धुवायचा. आमच्या साहेबांनी त्याला कूपरेजजवळ खेळताना पाहिले आणि उचलून आणले. तीन-तीन महिन्यांची कच्ची नोकरी, काम फायली उचलण्याचे, खरे काम गोल करण्याचे. सारे ऑफिस त्याला 'सेंटर' म्हणे. त्याचे खरे नाव पगारपत्रकात लिहिणारा मी, मीसुद्धा त्याला 'सेंटर'च म्हणत असे.

त्या पावसाळ्यात कंपन्या-कंपन्यांच्या स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. मैदान म्हणजे भाताचे खाचर झालेले. सामना संपत आला असता सेंटरने चिखलात सूर मारला आणि डोक्याने चेंडू आत घातला. आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. हेडक्लार्क गोखल्यांसारखे दिसणारे आमचे वयोवृद्ध हेडक्लार्कही छत्री टाकून नाचले! "आपण जिंकलो!" असे मी घरी येऊन दहा जणांना सांगितले असेल. 'आपण' म्हणताना मला मोठा अभिमान वाटला होता.

त्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला होता, हे आठ दिवसांनी कळले. तीन महिने भरले. मुदत वाढवायचा कागद यायला हवा होता, तो आला नाही. साहेबांनी मला बोलावून एवढेच सांगितले, "त्याचा हिशेब करून टाका." मी केला. पैनपै बरोबर केला. कुणाची एक दमडी मी कधी बुडवलेली नाही.

सेंटरने पाकीट घेतले, रोमन लिपीत सही केली, आणि विचारले, "साहेब, ती शील्ड कुठे ठेवली?"

"मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये."

"एकदा बघू काय? त्या दिवशी मी डॉक्टरकडे होतो. हातात नाय घेतली."

साहेब बाहेर गेले होते. केबिनला कुलूप होते. किल्ली शिपायाकडे असे आणि शिपाई खाली चहाला गेला होता. दोन जिने उतरायचे, एवढेच. पण साडेपाच वाजले होते आणि मला माझी लोकल दिसत होती. "सोमवारी ये," मी म्हणालो. तो "बरं" म्हणाला आणि लंगडत गेला.

सोमवारी तो आला नाही. पुढच्या आठवड्यात मी कुडीवर गेलो. तिथल्या म्हाताऱ्याने भिंतीकडे बोट दाखवले. ट्रंकांच्या रांगेत एक जागा मोकळी होती. बोटीवर भटारखान्यात काम मिळाले होते म्हणे. पुन्हा बशा!

कुणी त्याच्याशी वाईट वागले, असे मी म्हणू शकत नाही. कराराप्रमाणे सगळे झाले. हेच तर मला इतकी वर्षे टोचत आहे. वाईट कुणीच वागले नाही, आणि तरी आम्ही गोल ठेवून घेतला आणि माणूस परत पाठवला.

ज्योचेही तसेच. अमेरिकेने त्याला घालवले नाही; तो आपल्या पायांनी गेला. विश्वचषकानंतर तो फ्रान्सला जाऊन रेसिंग क्लब द पॅरिसकडून आणि पुढे आलेसकडून खेळला. अमेरिकन नागरिक होण्याचा जो इरादा त्याने जाहीर केला होता, तो व्यवहार पुरा झालाच नाही. अमेरिकेच्या बाजूने तीन सामने आणि तो एक गोल, एवढ्यावर खाते थांबले. १९५३च्या अखेरीस तो हैतीच्या बाजूने मेक्सिकोविरुद्ध खेळलेला दिसतो. मग त्याने मायदेशी संसार थाटला, कपडे धुण्याचा धंदा काढला. स्वभावाने गोड माणूस. राजकारणाशी त्याचा संबंध नव्हता. पण त्याच्या भावांचा होता. ते सीमेपलीकडून हुकूमशहा फ्रान्स्वा दुवालिये याच्या विरुद्ध खटपट करीत होते. जून १९६४मध्ये दुवालियेने स्वतःला तहहयात अध्यक्ष करून घेतले. घरच्यांनी देश सोडला. ज्यो म्हणाला असेल, मी तर खेळाडू माणूस, मला कोण काय करणार? ८ जुलै १९६४ रोजी सकाळी दुवालियेच्या माणसांनी त्याला धरून नेले. फोर्ट दिमांश नावाच्या तुरुंगात त्याला डांबले. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही. त्याचा देह मिळाला नाही. तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता.

१९७६ साली अमेरिकेने आपल्या फुटबॉलच्या थोर पुरुषांत त्याचे नाव सन्मानाने दाखल केले. जो गोल त्यांच्या खात्यावर होता त्याचे हे व्याज. घ्यायला माणूस नव्हता.

परवा रात्री नातवाने पुन्हा विचारले, "मग आजोबा, लागला का हिशेब? कुठल्या देशाचा?"

मी ते छायाचित्र पुन्हा पाहिले. इतके दिवस मी खांद्यावरच्या माणसाकडेच पाहत होतो. त्या रात्री मी खालच्या माणसांकडे पाहिले. ती अमेरिकेची नव्हती. हैतीचीही नव्हती. ती ब्राझीलमधली साधी माणसे होती. त्यांचे त्याच्याशी घेणे नाही, देणे नाही. त्याचा कागद काय म्हणतो, मुदत कधी संपते, कुणी विचारले नाही. गोल पाहिला आणि माणूस उचलला.

"अरे," मी म्हणालो, "तू तिकडे बशा धुशील, त्याची लाज बाळगू नकोस. परक्या देशात चांगले काम कर. ते म्हणतील, आमचा आहे, म्हणू दे. पण तुझ्या शेजारी जो कुणी दुसऱ्या देशाचा पोरगा बशा धुवत असेल, त्याचे नाव नीट विचारून घे. आणि त्याने काही मागितले, तर 'सोमवारी ये' म्हणू नकोस."

"सोमवारी म्हणजे?" तो बुचकळ्यात पडला. तेव्हा मग मी त्याला सेंटरची गोष्ट सांगितली. पन्नास वर्षांत प्रथमच, कुणालातरी.

यंदाच्या वहीत पहिल्या पानावर, 'श्री'च्या खाली, मी त्याचे पगारपत्रकातले पूर्ण नाव लिहिणार आहे. ते मला अजून पाठ आहे. जमेच्या बाजूला : एक गोल. नावेच्या बाजूला : दोन जिने.